मुकादम लग्नाला येणार आहे

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून लिहितेय. कागदावर निदान तू मला मध्येच तोडणार नाहीस.

लग्न ठरलं. सोळा मार्च, शनिवार, सकाळी अकरा. बसस्थानकामागचं छोटं सभागृह घेतलंय. नोंदणी अधिकारी तिथेच येतील. सह्या होतील, मग जेवण. माणसं साठच. तू त्याला अजून 'लिफ्टवाला'च म्हणतेस हे नवरदेवाच्या कानावर गेलंय. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार, असं तो म्हणतो.

तू, दाजी आणि ठिणगी यायलाच हवं. आता पुढचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. मुकादम लग्नाला येणार आहे.

पत्र फाडू नकोस, पुढे वाच. तू बाबांना पाहिलंस ते झटका आल्यावर दवाखान्यात, दोनच दिवस. त्यानंतर घरी आली नाहीस. उजवा हात लोंबकळतो, उजवा पाय फरफटतो. शब्द तीनच उरलेत: हो, नको, बस. चौथा 'मुकादम', तो मात्र स्वच्छ म्हणतात. तुझं नाव येत नाही, माझंही नाही. चालायला लोखंडी घोडी आणून दिली, ती त्यांनी ढकलून दिली. आणि एक दिवस मी कामावरून आले तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे. डावा हात मुकादमाच्या पाठीवर. तो एवढा आडदांड कुत्रा, पण कानसुद्धा हलवत नव्हता.

आता बॅगा शिवणाऱ्याकडून त्याच्यासाठी छातीपट्टा करून घेतलाय, वर कडक मूठ आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची एकच अट आहे. डाव्या हाताला कुत्रा, पण उजव्या बाजूला कोपर धरून माणूस हवाच. नाहीतर पडतील.

सभागृहाच्या दारापासून टेबलापर्यंत बावीस पावलं आहेत. तेवढी बाबांनी चालत यावीत, एवढीच माझी हौस. डाव्या बाजूला मुकादम. उजव्या बाजूला तू.

तुझी,
धाकटी


१४ फेब्रुवारी

धाकटीस,

लग्न ठरलं, आनंद झाला. लिफ्टवाला चांगला आहे.

बाकीचं तू फार सहज लिहिलंस. ठिणगी तेव्हा सहा वर्षांची होती. डाव्या डोळ्याखालून जबड्यापर्यंत सात टाके. आज ती नऊ वर्षांची आहे, आणि शाळेच्या फोटोत मान वळवून उभी राहते. तसं तिला कोणी शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बोळात मी बाबांना विचारलं होतं, नात हवी की कुत्रा. ते फरशीकडे बघत राहिले. मला उत्तर मिळालं. त्यानंतर मी त्या घराची पायरी चढले नाही, आणि त्याच कुत्र्याच्या बरोबरीने मी चालायचं म्हणतेस, मध्ये फक्त बाबा.

चाकाची खुर्ची मी माझ्या दवाखान्यातून पाठवते. कुत्रा असेल तर आम्ही नाही. लग्न तुझं आहे, तू ठरव.

ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

खुर्चीचं नाव काढलं तर वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा म्हणाले, नको.

मी काय काय योजलंय ते ऐक. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी लेखी परवानगी दिलीय. दर रविवारी सकाळी आम्ही मुकादमाला तिथे नेणार. काल पहिला रविवार झाला. रिकामं सभागृह दाखवलं. त्याने चारही कोपरे हुंगले आणि व्यवस्थापकांच्या खुर्चीखाली जाऊन बसला, जणू हजेरी घ्यायला आलाय. पुढच्या रविवारी खुर्च्या मांडायच्या, त्याच्या पुढे स्पीकर लावायचा. लग्नाच्या दिवशी तो बाजूच्या खोलीत राहील, शेजारचे टेलरकाका त्याला सांभाळतील. सह्या झाल्या की जेवणाच्या आधी ते त्याला घरी नेतील. ठिणगी दुसऱ्या बाजूला पहिल्या रांगेत बसेल, दाजींच्या जवळ. दोघांत कायम दहा पावलांचं अंतर. मुकादमाच्या गळ्यात एक फीत बांधून पाहिली होती, ती त्याने काढली आणि तिच्यावर बसला, म्हणून शोभेचं सगळं रद्द केलंय.

ताई, तो वाईट नाही गं. त्या दिवसाच्या आधी तो कोणाला चावला नव्हता आणि नंतरही नाही.

धाकटी


२३ फेब्रुवारी

धाकटीस,

योजना चांगली आहे. तुझ्यासारख्या एक्स-रे काढणाऱ्या बाईला शोभेल अशी, कुठून काय दिसेल याचा नीट विचार केलेली.

पण मी दिवसभर औषधं मोजून देते. एक गोळी कमी भरली तर मला लगेच कळतं. तुझ्या सांगण्यात काहीतरी कमी भरतंय.

आधी चावला नाही, नंतरही नाही. मग त्याच दिवशी का? तू सांगितलंस, ती बाबांच्या कारखान्यात त्याच्याशेजारी खेळत होती, तो झोपला होता, उठला आणि चावला. तू म्हणालीस, मी स्वयंपाकघरात होते. बाबा लाकूड आणायला गेले होते. स्वयंपाकघरापासून तो सुतारकामाचा कारखाना सहा पावलांवर आहे. पोर किंचाळली तेव्हा टेलरकाका भिंतीपलीकडून आले, आणि ते तुझ्या आधी पोचले. हे त्यांनीच मला तेव्हा सांगितलं होतं. मी त्या गडबडीत ऐकून सोडून दिलं. आता सोडत नाही.

तू कुठे होतीस? याचं उत्तर दे, मग बावीस पावलांचं बोलू.

ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तेच तेच किती उगाळायचं? स्वयंपाकघरात होते. दूध तापवत होते. टेलरकाकांना आता कालचं आठवत नाही, तीन वर्षांपूर्वीचं काय सांगणार?

परवा दुसरा रविवार झाला. बाबा बावीसही पावलं चालले. चार मिनिटं लागली. चौदाव्या पावलाला थांबले, मग निघाले. उजव्या बाजूला टेलरकाका होते, पण ते बुटके, बाबा त्यांच्यावर कलतात. तुझी उंची बरोबर आहे. मुकादम एवढा गंभीर चालतो की लिफ्टवाल्याला हसू आवरेना.

पत्रिका वेगळी पाठवलीय. अठरा दिवस राहिले.

धाकटी


२ मार्च

धाकटीस,

मी विचारलं, कुठे होतीस. तू मला दूध पाजलंस.

आज मी सभागृहाच्या व्यवस्थापकांना पत्र टाकलं. पत्ता पत्रिकेवर होता. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. या कुत्र्याने सहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्याचा चावा घेतला होता, सात टाके पडले, मी तिची आई. एवढंच. आता त्यांनी ठरवावं.

ताई


६ मार्च

ताई,

व्यवस्थापकांचा फोन आला. परवानगी रद्द. आवाजात राग नव्हता, उलट मला सांगताना ते ओशाळले होते. दहा दिवस राहिलेत.

मी तुला शिव्या द्यायला बसले. एक पान भरलं आणि फाडलं. तू खोटं लिहिलं नव्हतंस. खोटं मी बोलले होते.

मी मागच्या जिन्यावर होते, फोनवर. लिफ्टवाल्याशी ओळख होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. ठिणगी रस्त्यावर पळू नये म्हणून कारखान्याच्या दाराला मी बाहेरून कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे. आत ती आणि मुकादम. पाच मिनिटांसाठी गेले होते. पंचवीस मिनिटं झाली.

टेलरकाका आले तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं, म्हणून ते खिडकीशी उभे राहून मला हाका मारत होते. मी धावत आले. ठिणगीच्या तोंडावर रक्त. आणि मुकादमाच्या कानाला बाबांचा छोटा शिकंजा, लाकडाच्या फळ्या आवळून धरायचा असतो ना, तो. पूर्ण पिळलेला. तो डोकं भिंतीला घासत गोल गोल फिरत होता. मी आधी शिकंजा काढून खणात टाकला. मग पोरीला उचललं. हो, याच क्रमाने. शिकंजा कोणी पाहिला की दाराचा विषय निघेल, तो निघाला की फोनचा निघेल, हे माझ्या डोक्यात एवढ्यात येऊन गेलं होतं. तू धावतपळत आलीस तोवर गोष्ट तयार होती.

बाबांनी संध्याकाळी खण उघडला. स्क्रूला केस आणि रक्त होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दार बाहेरून बंद होतं?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "ताईला मी सांगणार नाही. तू सांग. आज जमत नसेल तर उद्या, पण तूच सांग."

दुसऱ्या दिवशी टाक्यांची पट्टी बदलताना तू त्यांना बोळात गाठून विचारलंस, नात की कुत्रा. ते फरशीकडे बघत राहिले कारण खरं उत्तर होतं, धाकटी.

ते माझी वाट बघत राहिले. रोज जेवताना एकदा माझ्याकडे बघायचे. मी आज नको, उद्या करत पाच महिने काढले. मग झटका आला आणि त्यांचे शब्दच गेले. आता त्यांना सांगावंसं वाटलं तरी सांगता येणार नाही. माझ्यासाठी हे सोयीचं झालं, हे मी एकदाच लिहितेय, पुन्हा लिहिणार नाही.

सभागृह नको तर नको. नोंदणी कार्यालयात जाऊन सही करीन. पण तुला हे कळायला हवं होतं. तू ठिणगीला माझ्या वाऱ्याला उभं करणार नाहीस, या भीतीने गप्प राहिले. शेवटी तेच झालं.

धाकटी


१३ मार्च

धाकटीस,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. पाचही दिवस तुझ्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं. अजूनही वाटतंय.

पण मी कोणत्या तोंडाने बोलू? ऐक. गेल्या वर्षी ठिणगीचे केस विंचरत होते. ती सहज म्हणाली, आई, मी मुकादमाला आजोबांच्या शिकंजाचं कानातलं घातलं होतं, तो रडायला लागला म्हणून मी ते अजून घट्ट केलं, पडू नये म्हणून. माझ्या हातातला कंगवा थांबला. मी तिला सांगितलं, हे पुन्हा कोणाजवळ बोलायचं नाही.

तिच्यासाठी नाही गं, माझ्यासाठी. मी बाबांना त्या बोळात आणखी एक बोलले होते. तू तिथे नव्हतीस. सुई देऊन संपवा त्याला, नाहीतर मी तुमची मुलगी नाही. एवढं बोलून बसल्यावर परत फिरायला तोंड कुठून आणायचं? बाबांचे शब्द गेले होते. मला वाटलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी त्यांनी कुत्र्याची बाजू घेतली. त्या रागावर मी आणखी एक वर्ष काढलं. आणि वर तुझीच उलटतपासणी घेतली.

दार आणि पंचवीस मिनिटं मला माहीत नव्हती. त्याचा राग आहे आणि तो राहील. त्याला वेळ लागेल, किती ते विचारू नकोस.

व्यवस्थापकांना दुसरं पत्र लिहिलं. कुत्र्याचं काय झालं होतं तेही लिहिलं. त्यांनी काल फोन केला. परवानगी देतो म्हणाले, पण तोंडाला मुसकं हवं, आणि जबाबदारी म्हणून घरच्या कोणाची तरी सही हवी. ती मी करून पाठवली. हे आधी कळावं म्हणून हे पत्र तुझ्या दाजींच्या ओळखीच्या माणसाबरोबर देतेय.

शुक्रवारी संध्याकाळी पोचतो. लॉजवर उतरू, घरी नाही. उजव्या बाजूचं मी कबूल करत नाही. टेलरकाकांना तयार ठेव.

ताई


१७ मार्च

प्रिय ताई,

इथे पोचलो. खिडकीतून तलाव दिसतो आणि लिफ्टवाला हॉटेलची लिफ्ट बघून नाकं मुरडतोय.

काल काय झालं ते मला कोणी सांगत नाही. मी टेबलाशी उभी होते. अकरा वाजले, अकरा पाच झाले, बाजूच्या खोलीचं दार बंद. नोंदणी अधिकारी घड्याळ बघत होते. दाजी आणि ठिणगी पहिल्या रांगेत, तुझी खुर्ची रिकामी. मला वाटलं, तू निघून गेलीस. मग वाटलं, बाबा पडले.

अकरा बाराला दार उघडलं. बाबा, मुकादम, आणि उजव्या बाजूला तू. मुकादमाच्या तोंडाला मुसकं नव्हतं. चौदाव्या पावलाला बाबा थांबले तेव्हा तुझा चेहरा इतका कडक झाला की तू त्यांना तिथेच सोडून जाणार असं मला वाटलं.

टेलरकाकांना विचारलं तर म्हणाले, तुझ्या बहिणीला विचार. विचारतेय.

धाकटी


२१ मार्च

धाकटीस,

चेहरा कडक झाला कारण मी पावलं मोजत होते. चुकले असते तर पुन्हा दारापासून सुरुवात करावी लागेल असं काहीतरी खुळ्यासारखं वाटत होतं. आणि बाबा दमून थांबले नव्हते. तुझ्याकडे बघत होते.

सही माझी, म्हणून मुसकं बघायला मी बाजूच्या खोलीत गेले. तिथे रचून ठेवलेल्या खुर्च्या होत्या आणि आम्ही तिघं, कुत्रा धरून चौघं. टेलरकाकांनी मुसकं बांधलेलं होतं. मुकादम खाली बसला आणि पंजाने ते ओरबाडायला लागला. बाबा उठायला तयार नाहीत. नको, म्हणाले. मी समजावलं, अट आहे, सही केलीय. नको. डाव्या हाताने ते मुसक्याचा पट्टा ओढायला लागले आणि खुर्चीसकट कलंडणार होते, काकांनी धरलं. बाहेर व्यवस्थापक दारावर टकटक करत होते.

मी बाबांच्या समोर गुडघ्यावर बसले. म्हटलं, बाबा, धाकटीने मला सगळं लिहिलंय. तिने सांगावं म्हणून वाट बघत होता ना?

"हो."

मग मी विचारलं. विचारणार नव्हते, पण तोंडातून गेलं. "आणि माझी?"

वाटलं, त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "हो."

मुसकं मी काढलं. बक्कल लवकर सुटेना. त्याचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. तीन वर्षं मी त्याला शिव्या दिल्या, पण त्याचा कान कधी बघितला नव्हता. वरचा भाग दुमडून तसाच जोडला गेलाय. व्यवस्थापकांना दार उघडून सांगितलं, माझी सही आहे, काही झालं तर मला धरा. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाले.

मला भीती वाटत नव्हती असं समजू नकोस. बावीसच्या बावीस पावलं वाटत होती.

तुझे दाजी सोमवारी परत गेले. मी आणि ठिणगी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी लॉज सोडून घरी आलोय, तुझ्या खोलीत झोपतो. रविवारपर्यंत रजा टाकलीय. तू आलीस की आपल्याला बोलायचंय, आणि त्यातलं बरंचसं तुला आवडणार नाही. राग संपलेला नाही. पण तो लांब बसून करण्यापेक्षा इथे राहून करीन म्हणते.

ठिणगीचं सांगायचं राहिलं. वर्षभर ती मला मुकादमाबद्दल विचारायची, मी विषय बदलायचे. ती मनात माफी घोकून आली होती. दारातून आत आली, आणि तिला बघताच तो उठून बाबांच्या खुर्चीमागे गेला. एवढा मोठा कुत्रा, भिंतीला चिकटून उभा. ती रडली नाही. म्हणाली, "आई, तो मला घाबरतो." मी हो म्हटलं. मग मी काय करू, म्हणाली. म्हटलं, तू इथे बस, पुढे जाऊ नकोस, त्याला यायचं तेव्हा येईल.

ती रोज शाळेचं पुस्तक घेऊन तिथेच फरशीवर बसते आणि मोठ्याने वाचते. दोन दिवस तो खुर्चीमागून निघाला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं नाक दिसलं. काल संध्याकाळी तो बाहेर आला, टेबलाच्या पायापर्यंत, तिच्यापासून हातभर अंतरावर. अंगाचं वेटोळं केलं आणि तिच्याकडे पाठ करून पडला.

ठिणगी वाचायची थांबली नाही. पान उलटताना हळूच मला विचारलं, पाठ केली म्हणजे रागावलाय का.

मी म्हटलं, नाही. ज्याची भीती वाटते, त्याच्याकडे पाठ करून कोणी झोपत नाही.

तुझी,
ताई